हिशेब मागायचा कोणी?

बाईंना आपलं घर द्यायचं आहे, आणि ते कोणाच्या नावावर करायचं इथे गाडं अडलं आहे. सोलापुरात, साखर पेठेतलं वडिलांच्या वेळचं दोन मजली घर. खालच्या मजल्यावर जन्मभर जमवलेली पुस्तकं. पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या मुलींना तिथे बसून अभ्यास करता यावा, एवढीच त्यांची इच्छा. बाई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या. त्यांचे जुने स्नेही वकीलसाहेब यांची सगळी वकिली चॅरिटीच्या कामात गेली : नोंदण्या, विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट, जागा विकण्याच्या परवानग्या, स्कीमचे अर्ज. ट्रस्ट डीडचा मसुदा त्यांनीच करून आणला. बाईंनी चष्मा लावून वाचला आणि पहिल्याच कलमाखाली रेघ ओढली. कलम असं होतं : सदर मिळकत यापुढे विश्वस्तांचे मालकीची राहील व विश्वस्त ती लाभार्थींचे हितासाठी धारण करतील.

मला साक्षीदार म्हणून सहीला बोलावलं होतं. सही राहून गेली. त्या दिवशी दोघांत जे बोलणं झालं ते मांडतो आहे, कारण देवळापासून कॉलेजापर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थेच्या मुळाशी हाच वाद आहे, आणि तो मोठ्याने बोलला जात नाही.

बाई : घर मी मुलींना देतेय, विश्वस्तांना नाही. मग मालक म्हणून त्यांची नावं कशाला?

वकील : मुली म्हणजे कोण, बाई? आज येणाऱ्या की वीस वर्षांनी येणाऱ्या? जी जन्मलीच नाही तिच्या नावाचं प्रॉपर्टी कार्ड निघत नाही. म्हणून नाव विश्वस्तांचं आणि लाभ मुलींचा. मालकीचे असे दोन पदर वेगळे करता येतात, ही इंग्रजी कायद्याची देणगी आहे. मेटलंडसारखा कायद्याचा इतिहासकार म्हणून गेला की कायद्याच्या क्षेत्रात इंग्रजांनी केलेलं सर्वांत मोठं काम कुठलं, तर हे.

बाई : ते काम त्यांना कशातून सुचलं तेही सांगा की. देणं चुकवण्यातूनच ना?

वकीलसाहेबांनी ते नाकारलं नाही. त्यांचा हा गुण मला आवडतो. विषयाचं वाईट अंगही ते पुरतं उलगडून दाखवतात.

वकील : हो, बऱ्याच अंशी चुकवण्यातूनच. मध्ययुगात तिथे जमीन सरदाराकडून धारण केलेली असायची. जमीनवाला मेला की वारसाने नजराण्यासारखी रक्कम भरायची, तेव्हा कब्जा मिळायचा. वारस अज्ञान असला तर जमिनीचं उत्पन्न सरदार खाणार, आणि त्या पोराचं लग्न कुणाशी लावायचं तेही सरदारच ठरवणार. शिवाय मृत्युपत्राने जमीन देण्याची सोय नव्हती. तेव्हा लोकांनी तोड काढली. जिवंतपणीच जमीन भरवशाच्या तीन-चार मित्रांच्या नावावर करायची, आणि सांगायचं की माझ्या पश्चात बायको-मुलांच्या उपयोगासाठी ठेवा. एक मित्र मेला तर दुसरा जोडायचा. मालक असा कधी मरतच नाही, मग सरदार वसूल कशावर करणार? या व्यवस्थेला त्यांनी ‘यूज’ म्हटलं. ज्यांच्या नावावर जमीन ते ‘फिऑफी’, आणि ज्याच्यासाठी ठेवली तो ‘सेतुई क्यू यूज’. शब्द नॉर्मन फ्रेंच, कारण कोर्टाची भाषा ती होती.

बाई : आणि फकीर विसरलात. संत फ्रान्सिसचे भिक्षू.

वकील : तेही आलेच. फ्रान्सिस्कन भिक्षू 1224 मध्ये इंग्लंडात उतरले. काहीही मालकीचं ठेवायचं नाही, असं त्यांचं व्रत. पण डोक्यावर छप्पर तर लागणार. मग भाविक घर द्यायचे ते गावाच्या नावावर, भिक्षूंच्या उपयोगासाठी.

बाई : म्हणजे एकीकडे देणं चुकवणारे जमीनदार आणि दुसरीकडे व्रत मोडू नये म्हणून मालकी दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे संन्यासी. अशा घरात जन्मलेली कल्पना तुम्ही माझ्या घराला लावताय.

वकील : जन्म कुठल्या घरात झाला हे मी बघत नाही. त्या मित्रांपैकी एखाद्याची नियत फिरली तर पुढे काय होतं, ते बघतो. खरी गोष्ट तिथून सुरू होते. नेहमीच्या कोर्टात विधवा गेली, तर न्यायाधीश विचारायचे : कागद कुणाच्या नावाचा? मित्राच्या. मग जमीन त्याची, तुम्ही घरी जा. ती बाई मग राजाच्या चॅन्सेलरकडे अर्ज घेऊन जायची. चॅन्सेलर बहुतेक वेळा धर्मगुरू. तो मित्राला समोर बोलावून सांगायचा : कागदाने मालक तूच आहेस, मला कबूल. पण तू शब्द दिला होतास, आणि तो मोडणं तुझ्या सदसद्विवेकाला शोभत नाही. शब्द पाळ, नाहीतर तुरुंगात बस. कागद न बदलता माणसाला बांधून घालायचा, हे त्या चॅन्सेलरांनी शोधलं.

पुढचा भाग वकीलसाहेबांनी भरभर सांगितला आणि मीही तो थोडक्यात देतो. महसूल बुडतो म्हणून आठव्या हेन्रीने 1536 मध्ये कायदाच केला : ज्याच्यासाठी जमीन ठेवली तोच कागदावरचा मालक. लोक इतके चिडले की त्या वर्षी उत्तर इंग्लंडात जे बंड झालं त्याच्या मागण्यांत हा कायदा रद्द करण्याचीही मागणी होती. 1540 मध्ये राजाने मृत्युपत्राने जमीन देण्याची मोकळीक दिली. वकिलांनी आणखी एक वाट काढली, ती म्हणजे एका यूजवर दुसरा यूज चढवायचा. पहिला कायद्याने उडतो, पण दुसरा? 1557 मध्ये कोर्टाने तोही निरर्थक ठरवला. सतराव्या शतकात मात्र चॅन्सेलरच्या कोर्टाने, म्हणजे चॅन्सरीने, त्याला मान दिला, आणि हा जो दुसरा, उरलेला यूज, त्याला ‘ट्रस्ट’ हे नाव रूढ झालं. आज गल्लोगल्लीच्या पाट्यांवर दिसणारा शब्द असा राजाच्या कायद्यातून निसटून आलेला आहे.

बाई : आता माझं ऐका. सिद्धरामांनी बाराव्या शतकात या सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, तळं खणलं, अडुसष्ट लिंगं स्थापली. ते तळं कुणाच्या नावावर केलं? कुणाच्याच नाही. आपल्याकडे दान वेगळं आणि उत्सर्ग वेगळा. दानाला घेणारा लागतो. उत्सर्गाला लागत नाही. तळं, विहीर, बाग बांधणारा पाणी सोडून म्हणतो, हे सर्व भूतांसाठी. त्याची मालकी तिथे संपते आणि दुसऱ्या कुणाची सुरू होत नाही. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात यावर प्रकरण लिहिलंय. आणि गंमत बघा, बांधणारा स्वतःही ते पाणी पिऊ शकतो, कारण ‘सर्व’ म्हटलं की त्यात तोही आला. मालकीचे दोन पदर करायची गरजच पडली नाही आपल्याला. आपण मालकीच सोडून दिली.

वकील : सुंदर आहे. आता सांगा, तळ्यात गाळ साचला तर जबाब कोणाला विचारायचा?

बाई : राजाला. गावाला. पंचांना.

वकील : आणि राजाच बदलला तर?

बाई : म्हणून तर दगडावर लिहून ठेवायचे. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे. लोक पाठ घासत आले त्याला, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून. खरं तर ती देणगीदारांची यादी आहे. शके 1195 ते 1199, म्हणजे 1273 ते 1277. देवगिरीच्या रामदेवरावाचं नाव आहे, हेमाद्री पंडिताचं आहे, आणि त्यांच्याच रांगेत साध्या भक्तांची. कोणी किती दिलं ते मराठीत कोरलेलं. चंद्र-सूर्य असेतो ही सेवा चालावी, म्हणून.

वकील : आणि न चालली तर? मी सांगतो. ताम्रपटाच्या शेवटी लिहायचे की दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. आणि ज्याला संस्कृत कळत नाही त्याच्यासाठी शिवेवर गधेगाळ उभा करायचे : वर चंद्र-सूर्य, खाली गाढवाची शिवी कोरलेली. बाई, हा दगड मला फार केविलवाणा वाटतो. देणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे की माझ्यामागे कोणीतरी हे खाणार, आणि त्याला अडवायला त्याच्या हातात शिवीखेरीज काही नाही. चॅन्सेलर विधवेला म्हणायचा, तू अर्ज कर. आपल्या दगडाने विधवेला काय सांगितलं? खाणारा पुढच्या जन्मी भोगेल.

यावर बाई जरा थांबल्या. मला वकीलसाहेबांचा हा मुद्दा या सगळ्या वादातला सर्वांत वजनदार वाटतो. दान आपल्याकडे कमी झालं नाही. सोलापुरात तर मुळीच नाही. पण ज्याच्यासाठी दिलं त्याला दार ठोठावण्याची जागा ठेवायला आपण विसरलो. बाईंनी हे तिथेच मान्य केलं नाही, आणि त्यांच्याजवळ उत्तरही होतं.

बाई : दार नव्हतं, कारण मालक जागेवर होता. देव. अजून सातबारा काढून बघा. देवस्थान इनाम, वर्ग 3. धारण करणारा म्हणून देवाचं नाव, आणि पुजारी किंवा पंच फक्त वहिवाटदार. इंग्रजांनी इनामांची चौकशी केली तेव्हाही हे मोडलं नाही. देव कधी मरत नाही. तुमच्या फिऑफींनी चार मित्र जोडून जे साधलं, ते आम्ही एका मूर्तीत साधलं. आणि हे मी एकटीच म्हणत नाही. डाकोरच्या रणछोडरायाच्या खटल्यात, 1887 मध्ये, मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती वेस्ट यांनी लिहिलंय की हिंदू माणसाला धर्मादाय संस्था उभारायची तर ट्रस्टची गरज नाही. त्याने हेतू सांगावा, मिळकत लावून द्यावी, राजसत्ता त्याला बळ देईल. ट्रस्ट लागणं हे इंग्रजी कायद्याचं वैशिष्ट्य, आणि तेही अलीकडचं. हे ब्रिटिश न्यायाधीशाचं मत!

वकील : वेस्टसाहेब माझेही आवडते. पण तुम्ही निम्मा निकाल वाचलात. खटला होता कशावर? डाकोरचे सेवक म्हणत होते, देवापुढे पडलेलं आमचं. भाविक म्हणत होते, हिशेब द्या. वेस्ट म्हणाले, देव मालक आहे, बरोबर. म्हणूनच त्याच्यापुढचं जो उचलतो तो विश्वस्तासारखा जबाबदार, आणि त्याने हिशेब द्यायचा. देव मालक असला तरी तो कोर्टात येऊन सांगत नाही की माझी दक्षिणा चोरली. त्याच्यासाठी भाविकच उभे राहिले.

एकाच निकालाची दोन टोकं दोघांनी धरली होती. मालकीची आपली कल्पना जशीच्या तशी ठेवावी आणि हिशेबाची त्यांची कल्पना तिला जोडावी, हे वेस्ट यांनी 1887 मध्येच केलं. 1882 च्या भारतीय न्यास कायद्यानेही आपली मर्यादा ओळखली होती. त्याच्या पहिल्याच कलमात वक्फ आणि सार्वजनिक वा खासगी धार्मिक-धर्मादाय देणग्या बाहेर ठेवल्या आहेत. पुढे 1921 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने विद्या वरुथी खटल्यात स्पष्ट केलं की मठाधिपती किंवा वक्फाचा मुतवल्ली हा इंग्रजी अर्थाने ट्रस्टी नाही, मिळकत त्याच्याकडे मालकीने येत नाही, तो सांभाळणारा आहे. निकाल लिहिणारे होते सय्यद अमीर अली. वक्फाचं नाव निघालं म्हणून आणखी एक. ऑक्सफर्डचं मर्टन कॉलेज 1264 चं, आणि त्याची घडण इस्लामी वक्फाशी इतकी जुळते की कल्पना तिकडूनच गेली असावी, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. तर्कच, पण निव्वळ इंग्रजी शोध म्हणणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा.

बाई : बरं, मग न्यास हा शब्द का घेतलात? मनूच्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे दाव्यांच्या प्रकारांत, निक्षेप आहे. न्यास, निक्षेप, उपनिधी हे सगळे ठेवीचे प्रकार.

वकील : तिथेच फरक आहे. ठेव ज्याने ठेवली त्याला परत करायची. ट्रस्टमध्ये ज्याने दिलं त्याला काही परत मिळत नाही, तिसऱ्याला मिळतं. तुम्ही घर दिलंत की उद्या तुम्ही स्वतःसुद्धा मागू शकणार नाही. मागायचं ते मुलींनी.

बाई : आता पंढरपूर काढणार तुम्ही.

वकील : काढणारच. सोलापूर जिल्ह्यात राहून ते टाळता येत नाही. बडव्यांनी विठ्ठलाची जमीन विकली का? प्रश्न जमिनीचा नव्हताच. तिथे सेवाच मिळकत झाली. विठ्ठलाचे बडवे, रुक्मिणीचे उत्पात, पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे हे सेवाधारी, प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि वंशपरंपरेचं. कामाचे हिस्से पडले, हिश्श्यांच्या वाटण्या झाल्या, देवापुढच्या उत्पन्नाचा लिलाव होऊ लागला. आपल्याकडे कुठलंही काम तीन पिढ्या एका घरात राहिलं की त्याचं वतन होतं. ही आपली खोड आहे, आणि देव मालक आहे एवढं म्हटल्याने ती जात नाही.

बाई : माझ्या आजीने वारी केलीय. देवळात तिला हाताने ढकलत पुढे काढायचे, हे तिच्या तोंडून ऐकलंय मी. त्यांची बाजू मी घेणार नाही. पण तुमच्या कायद्याचा वेग बघा की. नाडकर्णी आयोगाने चौकशी केली, 1973 मध्ये पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, वंशपरंपरेचे हक्क रद्द केले. आणि शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाने उच्चारला जानेवारी 2014 मध्ये. चाळीस वर्षं! त्या काळात किती वारकरी आले आणि गेले.

वकील : गेले. मान्य. पण त्याच वर्षी मे महिन्यात देवस्थान समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी मुलाखती घेतल्या, त्यात सर्व जातींचे लोक होते, बायका होत्या.

बाई : समिती सरकारने नेमलेली. वारकऱ्याने तिला हिशेब विचारायचा तर कुठे जायचं? तुम्ही एक वतनदार काढून दुसरा बसवला असं होऊ नये. 1954 मध्ये रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचा 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा बहुतांशी उचलून धरला, पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमायची तरतूद उडवली. का उडवली? हिशेब तपासणारा आणि हिशेब देणारा एकच झाला असता म्हणून.

वकील : कोर्टाने ते धर्मस्वातंत्र्याच्या अंगाने मांडलं. तरी तुमचं म्हणणं मला पटतं.

इथे वकीलसाहेबांनी त्यांची एक आवडती गोष्ट सांगितली. 1726 चा खटला, लंडनजवळच्या रमफर्ड गावच्या बाजाराचा. बाजाराच्या उत्पन्नाचा भाडेपट्टा एका लहान मुलासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपली. विश्वस्ताने मुलाच्या नावाने नवा पट्टा मागितला. जागामालक म्हणाला, पोराशी करार करणार नाही, पोर काय जबाबदारी घेणार? मग विश्वस्ताने तो स्वतःच्या नावावर घेतला. त्यात लबाडी काहीच नव्हती. मुलाला तर तो मिळणारच नव्हता. तरी चॅन्सेलर लॉर्ड किंग म्हणाले, साऱ्या जगात कोणीही हा पट्टा घेऊ शकतो, फक्त हा एक माणूस घेऊ शकत नाही. पट्टा मुलाला द्या, मधला नफाही द्या. आपल्या 1882 च्या कायद्याच्या कलम 88 मध्ये हेच तत्त्व आहे.

बाईंना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली.

बाई : आता हे खरं काहीतरी सांगितलंत. गांधीजींनी सत्याच्या प्रयोगांत लिहिलंय की विलायतेत स्नेलचं इक्विटीचं पुस्तक वाचलेलं, ते गीता वाचताना उपयोगी पडलं. अपरिग्रह म्हणजे काय ते त्यांना ‘ट्रस्टी’ या शब्दावरून उमगलं. तेव्हा शब्द परका म्हणून मी त्याला नाकारत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तुमच्या कायद्यात लाभ घेणारा नेहमी पोर असतो, विधवा असते, वेडा असतो. ज्याला स्वतःचं कळत नाही असा. इंग्लंडात लग्न झालेल्या बाईचं सगळं नवऱ्याचं व्हायचं, म्हणून बाप मुलीसाठी ट्रस्ट करायचे. तिच्या पैशावर नाव दुसऱ्या पुरुषांचं. तिथल्या विवाहित स्त्रीला स्वतःची मालकी पुरती मिळाली कधी? 1882. तुमचा न्यास कायदा आला त्याच वर्षी. आपल्याकडे स्त्रीधन होतं. होळकरांच्या घरात ‘खासगी’ होती, राणीच्या हातातलं वेगळं उत्पन्न. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जे केलं त्यामागे ती होती. त्यांना कोणा फिऑफीची परवानगी लागली नाही.

वकील : आणि त्या खासगीचं पुढे काय झालं? 1962 मध्ये तिचा ट्रस्ट झाला. देशभर घाट, देवळं, वाडे. पंढरपुरातही होळकर वाडा आहे. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहारावरून वाद पेटला. हा ट्रस्ट राज्याच्या सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यात बसतच नाही, असं म्हणणं मांडलं गेलं. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मिळकत सरकारची नाही, पण ट्रस्ट सार्वजनिक आहे, त्याची नोंदणी हवी. अहिल्याबाई स्वतः होत्या तोवर कागद लागला नाही. त्यांच्यानंतर लागला. तुमचंही तसंच आहे, बाई. तुम्ही आहात तोवर घर सुरक्षित आहे.

बाई : म्हणून तर मी कागद करायला बसलेय. पण मुलींना पोर समजणारा कागद मला नको.

मग वकीलसाहेबांनी पिशवीतून त्याच 1950 च्या कायद्याचं झिजलेलं पुस्तक काढलं आणि दोन कलमं वाचून दाखवली. दोन्ही मला नवीन होती. एक कलम 54. सोलापूरच्या मार्केट यार्डात काय, चाटी गल्लीच्या कापड दुकानांत काय, पट्टीच्या तळाशी ‘धर्मादाय’ म्हणून काही पैसे लावायची व्यापाऱ्यांची जुनी चाल. कायदा म्हणतो, व्यापाराच्या रूढीप्रमाणे ज्याने ते पैसे घेतले तो त्या क्षणापासून त्यांचा विश्वस्त. न्यासपत्र नको, नोटरी नको. गिऱ्हाइकाने अमुक हेतूने दिले, तुम्ही घेतले, संपलं. बाई म्हणाल्या, चॅन्सेलरने म्हटलं तेच हे, आणि आपल्या रूढीला लावलेलं. वकील म्हणाले, 1950 च्या कायद्यातली माझ्या मते सर्वांत देखणी जागा.

दुसरं कलम व्याख्येचं : हितसंबंध असलेली व्यक्ती. देवळाच्या बाबतीत, जो तिथे दर्शनाला जातो किंवा जाण्याचा ज्याला हक्क आहे तो. मठाच्या बाबतीत शिष्य. संस्थेच्या बाबतीत सभासद. इतर ट्रस्टच्या बाबतीत विश्वस्त किंवा लाभार्थी. अशा दोन व्यक्ती धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती घेऊन दावा लावू शकतात, विश्वस्त काढा म्हणू शकतात, हिशेब मागू शकतात.

वकील : म्हणजे वारकरी परका नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येणारा, संमती कट्ट्यावर अक्षता टाकणारा माणूस परका नाही. तुमच्या अभ्यासिकेत बसणारी मुलगी परकी नाही. कायदा तिला पोर समजत नाही, दावेदार समजतो.

बाई : हे तिला माहीत आहे का? सांगितलंय कोणी?

वकीलसाहेब गप्प राहिले. माझ्या मते बाईंचा हा प्रश्न त्यांच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा पुढचा होता. गधेगाळ निदान शिवेवर उभा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होता. आजचा हक्क पुस्तकात आहे, आणि पुस्तक वकिलाच्या पिशवीत. ट्रस्टचं ऑडिट दाखल होतं, ते फायलीत राहतं. ज्याच्यासाठी संस्था आहे त्याला आपण मागू शकतो हेच ठाऊक नसतं. जीव लावून काढलेल्या संस्था पुढे दोन गटांच्या चेंज रिपोर्टात अडकून बसतात, त्यात विद्यार्थी, रोगी, भाविक कुठेच नसतात. भांडणारे दोन्ही बाजूंचे विश्वस्तच.

बाई : आता मला ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशींबद्दल बोलू द्या. आपल्या सोलापूरचे. त्यांना संपत्ती धर्मकार्याला लावायची होती. 1940 पासून ते देशभर फिरले, जैन विद्वानांना, गृहस्थांना विचारत, काय करू? 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथला विद्वानांना एकत्र बोलावलं. तिथे जैन संस्कृति संरक्षक संघ निघाला. सुरुवातीला दिले किती? तीस हजार. सगळं नाही दिलं. संघाने काम सुरू केलं, जीवराज जैन ग्रंथमाला काढली, आदिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादलेला ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग 1943 मध्ये छापून आला. आणि मग, 1944 मध्ये, त्यांनी जवळजवळ सगळी मिळकत, दोन लाखांची, ट्रस्ट करून संघाला दिली. 1957 मध्ये ते गेले, पण माला थांबली नाही. बघा, त्यांनी आधी लोकांना विचारलं, थोडं देऊन पाहिलं, छापलेलं पुस्तक हातात आलं, तेव्हा सगळं सोडलं. तुमचा मसुदा मला पहिल्याच दिवशी सगळं सोडायला लावतोय.

वकील : मसुदा तसा आहे खरा.

बाई : मग बदला. तीन वर्षं वरच्या मजल्याचं भाडं तेवढं ट्रस्टला. पुस्तकं ट्रस्टची, जागा वापराला. पुस्तकं कशी ठेवली, मुली किती आल्या, पैसे कुठे गेले हे मी बघणार. नीट झालं तर घर. कागदावर मालक विश्वस्त म्हणा, माझी हरकत नाही. तुमचं पटलं मला, जन्मली नाही तिच्या नावावर उतारा निघत नाही. पण दुसरं कलम मी सांगते ते घाला.

वकील : सांगा.

बाई : दर जूनमध्ये हिशेब दाराच्या आतल्या भिंतीवर लावायचा. मराठीत आणि तेलुगूत, कारण या भागात आयांना तेलुगूच नीट वाचता येतं. त्याखाली लिहायचं की अठरा वर्षांवरच्या कुठल्याही दोन मुलींना हिशेबाची वही मागून बघता येईल, आणि विश्वस्तांनी पंधरा दिवसांत दाखवली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे कसा अर्ज करायचा. अर्जाचा नमुना तिथेच खिळ्याला टांगून ठेवायचा.

वकील : बाई, उगाच तंटे वाढतील. चांगले लोक विश्वस्त व्हायला तयार होणार नाहीत.

बाई : जो यामुळे तयार होणार नाही तो मला नकोच. आणि एक विश्वस्त त्या मुलींनी निवडलेली. तिथेच शिकून गेलेली.

वकील : ती कायम की मुदतीची?

बाई : सगळेच मुदतीचे. पाच वर्षं. एका घरातला दुसरा माणूस विश्वस्त होणार नाही. माझ्याही घरातला नाही.

वकीलसाहेबांनी पेन काढलं. नमुना खिळ्याला टांगण्याचं कलम ट्रस्ट डीडमध्ये घालावं की ठरावात, यावर त्यांचं अजून एकमत नाही. ठराव विश्वस्तांना बदलता येतो, म्हणून बाई डीडवर अडून आहेत. नवा मसुदा पुढच्या आठवड्यात येणार आहे.